रूळ जुने, पाटी नवी: महाबळेश्वरच्या नावांची गोष्ट

महाबळेश्वरला दोन दिवसांसाठी गेलेला माणूस पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्योदय बघतो, दुपारपर्यंत केट्स पॉइंट आणि आर्थर सीट उरकतो, संध्याकाळी वेण्णा तलावात होडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतापगड करून घरी परततो. मनोरंजन उद्यानात एकामागून एक राइड घ्यावी, तसा हा कार्यक्रम असतो. विल्सन कोण होता, केट कोण होती, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर गाइड एखादी गोष्ट सांगतो आणि आपण पुढच्या पॉइंटकडे निघतो. डोंगर मात्र विल्सनच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याला आधीही नाव होते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात नावे बदलण्याचे सत्र सुरू आहे. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद बदलले, 2024 मध्ये अहमदनगर, आणि 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरची पाळी आली. प्रत्येक वेळी चर्चा दोनच बाजूंनी होते. एक बाजू म्हणते, गुलामीची खूण पुसली. दुसरी म्हणते, आमची खूण पुसली. नवे नाव त्या जागेला शोभते का, तिथे जे घडले आणि जे दिसते त्याच्याशी ते जुळते का, हा साधा प्रश्न दोघांच्याही गोंगाटात मागे राहतो. तो विचारायला महाबळेश्वर हे चांगले ठिकाण आहे. कारण या डोंगरावर आणि त्याच्या आसपास इतक्यांनी इतक्या वेळा नव्या पाट्या लावल्या, की त्यातली कोणती टिकली आणि का टिकली, हे आज बघता येते.

पॅरिसची तोफ

मनोरंजन उद्याने चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी असतो. रोलर कोस्टर बांधायला अफाट खर्च येतो. म्हणून तो जुना वाटू लागला तरी पाडत नाहीत. रूळ तेच ठेवतात आणि त्यावरची कथा बदलतात. दिवे नवे, संगीत नवे, रंग नवा, पाटी नवी. चढ, उतार आणि वळणे मात्र जिथल्या तिथे.

पॅरिसजवळच्या डिस्नीलँडमध्ये 1995 साली 'स्पेस माउंटन' नावाचा कोस्टर सुरू झाला. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या 1865 मधल्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. माणसांना प्रचंड तोफेतून चंद्राकडे डागायचे, ही व्हर्नची कल्पना. म्हणून इमारतीच्या बाहेरच्या अंगाला एक मोठी तोफ लावली आणि गाडी त्या तोफेतून वर फेकली जाई. भोवतालचा विभागही एकोणिसाव्या शतकातल्या माणसाने भविष्य कसे कल्पिले असेल, त्या धर्तीवर सजवलेला होता. पुढे 2005 मध्ये आतली कथा बदलली. 2017 मध्ये त्याच रुळांवर 'स्टार वॉर्स' आले. बाहेर व्हर्नची तोफ तशीच उभी आहे आणि आत अमेरिकी सिनेमातली अंतराळातली लढाई चालू आहे. राइड रंगतदार असेल, वेगही तोच असेल, पण बाहेरच्या तोफेचा आतल्या गोष्टीशी संबंध उरलेला नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात याच कंपनीने वेगळा मार्ग धरला. तिथल्या 'कॅलिफोर्निया स्क्रीमिन' या कोस्टरचे 2018 मध्ये 'इन्क्रेडिकोस्टर' झाले. पण तिथे एकट्या राइडची पाटी बदलली नाही. समुद्रकाठच्या जुन्या जत्रेसारखा जो सगळा परिसर होता, तोच पिक्सार कंपनीच्या चित्रपटांनुसार नव्याने सजवला. त्यामुळे राइड आणि परिसर जुळले.

म्हणजे नवी कथा जुळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, परिसर बघून कथा निवडायची. दुसरा, कथा आधी ठरवायची आणि ती जुळत नसेल तर परिसरच बदलायचा. उद्यानात दुसरा मार्ग चालतो, कारण तिथे सगळेच प्लायवूडचे आणि रंगाचे असते. खऱ्या गावात, खऱ्या डोंगरावर हा मार्ग धरला तर काय होते, हे पुढे बघू.

आपल्याकडेही असे उद्यान आहे. खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकामध्ये 'नायट्रो' हा मोठा कोस्टर आहे. तिथेच अलीबाबा आणि चाळीस चोरांची एक सफर आहे आणि 'सलीमगड' नावाचा भुताचा किल्लाही. करमणुकीच्या जागी त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की खरा सलीमगड दिल्लीत लाल किल्ल्याला लागून उभा आहे. शेरशाहच्या मुलाने, सलीमशाह सूरने तो 1546 मध्ये बांधायला घेतला आणि इंग्रजांनी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना तिथे डांबले होते. नाव आपल्या जागेपासून सुटले की ते कशावरही चिकटवता येते.

डोंगराची आधीची नावे

महाबळेश्वर मुळात म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, आजच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटरवरचे जुने गाव. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. शिवाजी महाराजांनी 1665 मध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी जिजाऊंची सुवर्णतुला याच क्षेत्री केली. त्या काळी खालचे जावळीचे खोरे म्हणजे दाट जंगल, आणि 1656 पर्यंत तिथे चंद्रराव मोऱ्यांची सत्ता होती, विजापूरच्या आदिलशाहीच्या छायेखाली.

वर पठारावर जी टोके आणि कडे होते, त्यांना स्थानिक लोकांनी आपापली नावे दिली होती. आज आपण ज्याला विल्सन पॉइंट म्हणतो तो सिंदोळा, 4,700 फुटांहून उंच, पठारावरचा सर्वांत उंच माथा. आजचा केट्स पॉइंट म्हणजे नाके खिंड. तिथल्या खडकाला आरपार भोक आहे, सुईच्या नेढ्यासारखे. आर्थर सीटला मढीमहाल म्हणत. ही नावे कोणत्याही दरबारात ठरली नव्हती. गुरे घेऊन, मध काढायला, जंगलातून वाट काढत जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याला जागा सांगायची असते, त्या गरजेतून अशी नावे येतात. त्यांच्यामागे कोणाची कीर्ती नसते. डोंगरात ओळखीची जागा सापडावी, एवढेच त्यांचे काम.

मालकमपेठ

1824 च्या एप्रिलमध्ये साताऱ्याला असलेला इंग्रज अधिकारी पीटर लॉडविक या पठारावर चढून आला. उन्हाळ्यातली इथली हवा बघून तो हरखला आणि त्याने इंग्रजी वर्तमानपत्रांतून जागेची तारीफ केली. 1828 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने इथे आजारी गोऱ्या शिपायांसाठी आणि साहेबांसाठी हवापालटाचे ठाणे उभारायचे ठरवले. जागा साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांची होती. 1829 मध्ये करार होऊन ती कंपनीकडे गेली आणि बदल्यात छत्रपतींना वाई भागातले खंडाळा गाव मिळाले. नव्या वसाहतीचे नाव ठेवले मालकमपेठ. मालकम इंग्रजी, पेठ आपली, असे ते जोडनाव.

एखाद्या जागेची कथा पूर्ण बदलणे कशाला म्हणतात, ते इथे दिसते. तीर्थक्षेत्र होते तिथे सॅनिटोरियम आले. कड्यांचे पॉइंट झाले, आणि प्रत्येक पॉइंटला कोणा साहेबाचे किंवा त्याच्या मुलीचे नाव मिळाले. केट ही माल्कमची मुलगी. आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट, मढीमहालाच्या टोकावर पहिले घर बांधणारा अधिकारी. एल्फिन्स्टन, कार्नॅक आणि फॉकलंड हे गव्हर्नर. सिंदोळ्याला विल्सन हे नाव फार उशिरा मिळाले. लेस्ली विल्सन 1923 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे जो माथा शतकानुशतके सिंदोळा होता, त्याची पाटी बदलून अजून एक शतक नीट झालेले नाही.

इंग्रजांनी फक्त आपली नावे पुसली, असे मात्र नाही. त्यांनी स्वतःचीही पुसली. आजचा लॉडविक पॉइंट आधी सिडनी पॉइंट होता. पहिला चढून आलेला साहेब म्हणून लॉडविकचा मान ठेवायचा ठरला, तेव्हा सरकारने सिडनीची पाटी काढली. 1874 मध्ये तिथे लॉडविकच्या स्मरणार्थ खांबही उभारला. माउंट ऑलिंपिया नावाच्या टेकडीवरून देखावा बघून राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट खूश झाला, म्हणून तिचे कॉनॉट पीक झाले. खुर्ची बदलली की पाटी बदलते. नामांतर हा काही आपल्याच काळाचा शोध नाही.

या सगळ्यात कोणाची नावे राहिली नाहीत, तेही बघायला हवे. मालकमपेठेत इंग्रजांनी तुरुंग बांधला आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले. ते रस्त्याच्या कामावर राबले, त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या लावल्या, वेताच्या वस्तू विणल्या. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांची आठवण उरली ती 'चायनामन्स फॉल' या एका धबधब्याच्या नावात. एकाही कैद्याचे नाव कोणत्या पॉइंटला नाही. वेण्णा तलावाचेही तसेच. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. या आप्पासाहेबांनी 1842 मध्ये हा तलाव बांधवला. आज तिथे होड्या आहेत, घोडे आहेत, कणसे आणि स्ट्रॉबेरी क्रीम आहे. पण हा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधला, हे होडीत बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

कोणती पाटी टिकली

मालकमपेठ हे नाव टिकले नाही. ते सरकारी कागदांत बराच काळ होते, पण लोकांनी महाबळेश्वरच म्हटले. शेवटी पेठेनेच क्षेत्राचे नाव घेतले आणि मूळ क्षेत्राला आता 'जुने महाबळेश्वर' म्हणावे लागते. नव्याने आलेल्या वस्तीने जुन्याचे नाव घ्यावे आणि जुन्याला ओळख सांगायला विशेषण लागावे, ही गंमतच आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते. तिथल्या माणसाला पटत नाही ते नाव कितीही मोठ्या सत्तेचे असले तरी कागदावरच राहते.

विल्सन पॉइंटला बरेच लोक 'सनराइज पॉइंट' म्हणतात आणि बॉम्बे पॉइंटला 'सनसेट पॉइंट'. शब्द इंग्रजी आहेत, पण रीत सिंदोळा आणि नाके खिंडीचीच आहे: तिथे जे दिसते ते सांगायचे. केट्स पॉइंटजवळच्या भोकाच्या खडकाला आज 'नीडल होल' म्हणतात. म्हणजे नाके खिंड इंग्रजी कपडे घालून परत आली. बॉम्बे पॉइंट हे नावही मुळात जुन्या मुंबई रस्त्यावरून पडले. जी नावे जागेतून निघाली, ती भाषा बदलूनही जगली.

आर्थर सीटची गोष्ट वेगळी आहे. गाइड सांगतात, की आर्थर साहेबाची बायको आणि तान्हे मूल सावित्री नदीत बुडाले, म्हणून तो इथे बसून खाली नदीकडे बघत राही. बसण्याचा भाग लोकांनी रचलेला असेल. पण मॅलेटची पत्नी आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटजवळ खरोखरच बुडाल्या होत्या. लोकांनी एका परक्या अधिकाऱ्याचे नाव दीडशे वर्षे सांभाळले ते त्याच्या हुद्द्यासाठी नव्हे. खाली दिसणाऱ्या नदीशी त्याचे दुःख जोडलेले होते, म्हणून. नाव परके असले तरी जागेशी त्याचे नाते सांगता आले, तर लोक ते आपलेसे करतात. परकेपणा हा नाव पुसण्याचा पुरेसा निकष नाही, तो याचसाठी.

आजमतारा

इथे मुसलमान वाचकाने आपल्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा. औरंगजेबाने 1700 मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतला आणि आपल्या शहजादा आजमच्या नावाने त्याचे 'आजमतारा' केले. दख्खनेत अनेक किल्ल्यांना त्याने अशी नावे दिली. सिंहगडाचे 'बक्षिंदाबक्ष' झाले. आज ही नावे इतिहासाच्या पुस्तकांपलीकडे कुठेही नाहीत. ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी साताऱ्याचा किल्ला परत घेतला आणि तो 'अजिंक्यतारा' झाला. याच साताऱ्यात 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि साताऱ्याला राजधानीचा मान मिळाला.

आजमतारा का टिकला नाही? मोगल मुसलमान होते म्हणून, हे उत्तर पुरत नाही. याच दख्खनेत दौलताबाद टिकले, अहमदनगर पाचशे वर्षे टिकले. अहमदनगर निजामशाहाने वसवले, तिथे राहिला, बाजार भरवला, पाणी आणले. आजमतारा हे नाव छावणीतून आले होते आणि छावणी उठली तेव्हा उठून गेले. बादशाहाच्या हुकमालाही डोंगराने दाद दिली नाही. त्याच्या नामांतराचे समर्थन करण्याचे आपल्याला काही कारण नाही. ते विल्सनच्या नामांतराइतकेच उपरे होते.

प्रतापगडाच्या पायथ्याशी

महाबळेश्वरची सहल प्रतापगडावर संपते, आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

हा डोंगर आधी भोरप्या होता. जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांच्या हुकमाने मोरोपंत पिंगळ्यांनी त्यावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याचे नाव प्रतापगड झाले. इथे जुन्या नावावर नवे नाव आले, आणि ते शोभले. कारण 10 नोव्हेंबर 1659 रोजी या किल्ल्याच्या पायथ्याशी जे घडले, त्याने मराठ्यांच्या राज्याला पाय रोवायला जमीन दिली. नाव आणि घटना एकाच मातीतली आहेत. तेव्हा जुने तेवढे खरे आणि नवे तेवढे खोटे, असा नियम नाही. भोरप्याचा प्रतापगड झाला याबद्दल कोणाचीच तक्रार नाही, असण्याचे कारणही नाही.

1957 मध्ये गडावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण पंडित नेहरूंनी केले आणि त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीने त्यांच्यापुढे मोठा मोर्चा नेला. मराठी माणूस तेव्हा प्रतापगडावर आपल्या राज्याची मागणी घेऊन गेला होता. तिथे कोणी मुसलमानाच्या विरोधात जमले नव्हते. आजच्या गर्दीला हे सांगावे लागते.

पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. खान विजापूरचा सरदार होता. विजापूरजवळ त्याने आपल्यासाठी कबर बांधवून घेतली होती, ती रिकामीच राहिली. शिवाजी महाराजांनी त्याचे दफन सन्मानाने करवले, असे परंपरा सांगते. त्या भेटीच्या वेळी महाराजांच्या सोबत निवडलेल्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, आणि कान्होजी जेध्यांसारखे देशमुख आदिलशाही फर्मान बाजूला ठेवून महाराजांकडे आले होते. ही दोन राज्यांची लढाई होती आणि दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसे होती. हे या जागेचे रूळ आहेत. ते बदलता येत नाहीत.

या रुळांवर पुढे दोन वेगवेगळ्या कथा चढवल्या गेल्या. पहिली आपल्यातल्या काहींनी चढवली. खानाच्या नावामागे 'हजरत' लागले, कबरीभोवती बांधकाम वाढले, सरदाराचा पीर होऊ लागला. अफझलखान पीर नव्हता. तो कोणाला दीन शिकवायला जावळीत उतरला नव्हता, बादशाहीच्या कामावर आला होता. दख्खनेच्या मुसलमानाकडे सुफी संतांची इतकी मोठी परंपरा असताना एका लष्करी सरदाराला वली बनवण्याची गरज काय? ही कथा त्या जागेला शोभली नाही, आणि हे आपणच आधी म्हणायला हवे होते. 10 नोव्हेंबर 2022 रोजी प्रशासनाने बंदोबस्त लावून कबरीभोवतीचे अनधिकृत बांधकाम हटवले. कायदा सर्वांना सारखा लागू होत असेल, तर वनजमिनीवरच्या अनधिकृत बांधकामाची बाजू घेता येत नाही.

दुसरी कथा पोस्टरांवर आणि मोबाइलवर चढली आहे. तिच्यात खान हा आजच्या प्रत्येक मुसलमानाचा पूर्वज आहे आणि गडाखालची भेट म्हणजे दोन धर्मांची कुस्ती. सिद्दी इब्राहिम त्या चित्रात नसतो, कृष्णाजी भास्कर नसतो. या कथेला कबरीचीही अडचण होते, म्हणून मधूनमधून कबरच नको अशी मागणी येते. सुरुवातीला सांगितलेला दुसरा मार्ग तो हाच: कथा परिसराशी जुळत नसेल तर परिसर बदला. पण प्रतापगड प्लायवूडचा नाही. कबर काढली, तर सर्वांत मोठे नुकसान शिवाजी महाराजांच्या कीर्तीचे होईल. शत्रूला मरणानंतर मान देणारा राजा या डोंगरात राहत होता, याची खूण म्हणजे ती कबर. कबरीशिवाय गडाची गोष्ट अर्धीच राहते.

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात प्रतापगड आहे. त्या नोंदीच्या नावातच लष्करी 'भूप्रदेश' असा शब्द आहे. नुसते तट आणि बुरूज नाहीत. डोंगर, घाट, जंगल आणि त्यांचा लढाईसाठी केलेला उपयोग, हे सगळे मिळून वारसा. त्याच वर्षी पाचगणी-महाबळेश्वरच्या लाव्हारसाच्या खडकांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. त्याआधी 2001 मध्ये केंद्र सरकारने हा सारा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला होता. या तिन्ही निर्णयांचा अर्थ एकच आहे: इथे परिसर आधी, आपली करमणूक आणि आपल्या कथा नंतर.

उरुण आणि इस्लामपूर

आता इस्लामपूर. वाळवे तालुक्याच्या या मुख्य गावाचे नगरपरिषदेच्या पाटीवरचे नाव 'उरुण इस्लामपूर' होते. दोन वस्त्यांची दोन नावे, शेजारी शेजारी. गावाचा इतिहास एवढ्या दोन शब्दांत वाचता येई: इथे उरुण होते, त्याला लागून इस्लामपूर वाढले, आणि दोघांनी मिळून एक पाटी लावली. राज्य सरकारने 2025 मध्ये इस्लामपूरचे ईश्वरपूर केले. ही मागणी जुनी होती आणि ती करणाऱ्यांना तो न्याय वाटतो, हे मान्य करून एक प्रश्न विचारायला हवा. सिंदोळ्याचे नाव परत आणायचे म्हटले, तर सिंदोळा हा माथा आहे. धाराशिव म्हटले, तर त्या नावाची लेणी आहेत. उरुण म्हटले, तर ते गाव तिथेच आहे. अक्षराला अक्षर जुळवून आणलेल्या नावाला तिथली कोणती जागा, कोणती घटना आधार देते? ईश्वराच्या नावाला मुसलमानाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आम्हीही त्यालाच दुसऱ्या नावाने हाक मारतो. आक्षेप आहे तो पाटीवरचा दुसरा शब्द कमी करण्याला. उरुण इस्लामपूर या नावात शेजार होता.

आपल्या लोकांनाही एक सांगायचे आहे. प्रत्येक नामांतरावर सारख्याच जोराने रडू नये. आजमताऱ्यासाठी रडणे जसे हास्यास्पद ठरेल, तसेच ज्या नावांना मातीत मूळ नव्हते त्यांच्यासाठीही. पण ज्या नावांमागे वसवलेले गाव आहे, खणलेली विहीर आहे, पिढ्यानपिढ्यांचे दफन आहे, त्यांचा इतिहास लिहून ठेवणे आपल्या हातात आहे. हुकूम पाटी बदलू शकतो. सिंदोळा आज आपल्याला माहीत आहे तो पाटीमुळे नव्हे. कोणीतरी ते नाव कागदावर टिपून ठेवले आणि कोणीतरी ते बोलत राहिले, म्हणून. आपल्या मोहल्ल्यांची, ओढ्यांची, बारवांची, मशिदींची, गल्ल्यांची नावे कोणी टिपून ठेवली आहेत का?

सरकारला आणि पर्यटन चालवणाऱ्यांना करता येईल अशी एक गोष्ट मात्र स्वस्तात होण्यासारखी आहे. महाबळेश्वरच्या प्रत्येक पॉइंटच्या पाटीवर सगळी नावे लिहावीत. वर सिंदोळा, खाली विल्सन पॉइंट, त्याखाली तो विल्सन का आणि केव्हापासून. नाके खिंड आणि केट. मढीमहाल आणि आर्थर. वेण्णा तलावावर आप्पासाहेब छत्रपतींचे नाव आणि 1842. चिनी धबधब्यापाशी तुरुंगातल्या कैद्यांची दोन ओळींत आठवण. प्रतापगडाच्या पायथ्याशी सिद्दी इब्राहिम आणि कृष्णाजी भास्कर या दोघांची नावे. कोणाचेही नाव काढायला नको. पाटी थोडी मोठी करावी लागेल, एवढेच.